प्रोस्टेटचा कर्करोग आणि धीराचा हिशेब

कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाच्या घरी समाचाराला येणारी मंडळी निघताना बहुधा एकच वाक्य मागे ठेवून जातात : "अण्णा, मन घट्ट ठेवा, अर्धे दुखणे त्यानेच पळते." बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो आणि ऐकणाराही मान डोलावतो. परंतु पाहुणे गेल्यावर, दिवे मालवल्यावर, तो मनुष्य त्या वाक्याशी एकटाच उरतो. रात्री दोन वाजता त्याची झोप उडते, छाती धडधडू लागते, आणि मग एक नवीच शंका त्याला ग्रासते. आपण असे घाबरतो म्हणून तर दुखणे वाढणार नाही ना? रोगाची भीती होतीच. आता भीतीचीही भीती सुरू होते.

त्या वाक्यात तथ्य किती, हा म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. मनःस्थिती आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ती यांचा संबंध काय, याचा शोध प्रयोगशाळांतून गेली पन्नास वर्षे चालू आहे, आणि त्यातील काही महत्त्वाची पाहणी प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेल्या पुरुषांवरच झालेली आहे. या संशोधनातून हाती काय लागले आणि काय लागले नाही, याचा नीट हिशेब मांडल्याखेरीज रुग्णाला काय सांगावे आणि रुग्णालयाने त्याच्यासाठी काय करावे, हे ठरवता येणार नाही.

संथ रोग, दीर्घ चिंता

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाला वेढून असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कर्करोग प्रामुख्याने उतारवयात होतो. दिल्ली, कोलकाता, पुणे यांसारख्या मोठ्या शहरांतील नोंदणीत पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये तो वरच्या क्रमांकांत आढळतो. इतर अनेक कर्करोगांच्या तुलनेने त्याची चाल पुष्कळदा मंद असते. ब्रिटनमध्ये रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ सक्रिय देखरेख अशा तीन गटांत वाटणी करून त्यांचा सुमारे पंधरा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ४५ जण, म्हणजे शेकडा २.७, या रोगाने दगावले. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते. परंतु या रोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या बाबतीत तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

वेळीच लक्षात आलेल्या रोगाच्या बाबतीत हे आकडे दिलासा देणारे आहेत, यात शंका नाही. पण त्यांची दुसरी बाजूही आहे. ज्या रोगाने माणूस लवकर मरत नाही, त्या रोगासह त्याला वर्षानुवर्षे जगावे लागते. रक्तातील 'पीएसए' या प्रथिनाचे प्रमाण दर काही महिन्यांनी मोजायचे असते. तपासणीची तारीख जवळ आली की अन्न गोड लागत नाही, आणि आकडा दशांशाने वर सरकला तरी सारे घर गप्प होते. शस्त्रक्रिया झाली असेल तर लघवीवरचा ताबा काही काळ, क्वचित कायमचा, सुटतो. लैंगिक क्षमता उणावते. ज्या पिढीने या विषयांवर जिवलग मित्रापाशीही कधी शब्द काढला नाही, तिच्याच वाट्याला हे दुखणे येते. आयुष्यभर घराचा कर्ता म्हणून वावरलेला पुरुष धोतराला किंवा पाटलोणीला डाग तर पडला नाही ना, या विवंचनेत लग्नकार्याला जाणे टाळू लागतो; कारण मात्र 'गुडघे दुखतात' असे सांगतो.

रोग पुढे गेला असेल तर संप्रेरकांचा उपचार येतो. पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडला की हा कर्करोग मागे हटतो, हे शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह १९४१ साली दाखवून दिले. या शोधाबद्दल हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते तत्त्व आजही उपचारांचा पाया आहे. परंतु ज्या संप्रेरकावर रोग पोसला जातो, त्याच्यावरच पुरुषाच्या स्नायूंचे बळ, हाडांची मजबुती, कामेच्छा आणि पुष्कळ अंशी उत्साहही अवलंबून असतो. रोगाची रसद तोडताना माणसाचीही थोडी रसद तुटते.

प्रयोगशाळेतील पुरावा

मनाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध ही दीर्घकाळ केवळ लोकसमजूत मानली जात असे. तिला शास्त्राचे दार उघडले ते १९७५ साली. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी पाजले आणि त्याच वेळी प्रतिकारशक्ती दाबणारे औषध टोचले. पुढे औषध न देता नुसते गोड पाणी दिले, तरी त्या उंदरांची प्रतिकारशक्ती मंदावलेली आढळली. चव ओळखणारा मेंदू आणि शत्रूशी लढणारे रक्त यांच्यात काही निरोप जातो, एवढे त्यावरून सिद्ध झाले. भीती किंवा दीर्घ चिंता असताना अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात येतात. ती पांढऱ्या पेशींच्या कामात ढवळाढवळ करू शकतात, हेही पुढे स्पष्ट होत गेले.

माणसांवरील पुरावाही हळूहळू जमला. १९९५ साली ओहायोमधील संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया निवडल्या. त्यांच्या हातावर एकसारखी छोटी जखम करून ती भरून येण्यास किती दिवस लागतात, हे मोजले. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले.

प्रोस्टेटच्या रुग्णांपुरते बोलायचे तर ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील प्रयोग विशेष उल्लेखनीय होय. शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या १५९ पुरुषांची तेथे यदृच्छेने तीन गटांत वाटणी केली. पहिल्या गटाला शस्त्रक्रियेपूर्वी मानसशास्त्रज्ञाबरोबर दोन बैठका देण्यात आल्या. दीर्घ श्वसन, अंग सैल सोडणे, शस्त्रक्रियेच्या दिवसाची मनातल्या मनात उजळणी करणे आणि येणाऱ्या अडचणींना तोंड कसे द्यावे याचा विचार, असे त्यांचे स्वरूप होते. दुसऱ्या गटाशी आपुलकीने बोलणे झाले, पण असे काही शिकवले गेले नाही. तिसऱ्याला नेहमीचे उपचार मिळाले. शस्त्रक्रियेचा आघात आणि भूल यांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती काही दिवस खचते, हे सर्वज्ञात आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, शस्त्रक्रियेनंतर अठ्ठेचाळीस तासांनी पहिल्या गटातील पुरुषांच्या 'नैसर्गिक मारक पेशी' अधिक कार्यक्षम होत्या. विकृत पेशी ओळखून नष्ट करणे हे या पेशींचे एक मुख्य काम. त्याच प्रयोगाच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या भागात या गटाची मनःस्थिती शस्त्रक्रियेपूर्वी अधिक स्थिर आढळली होती आणि वर्षभरानंतरही शारीरिक स्वास्थ्याच्या बाबतीत तो गट पुढे होता.

२०१३ साली तर दोन स्वतंत्र संशोधनांतून आणखी धागे मिळाले. एका प्रयोगात सततच्या ताणाखाली ठेवलेल्या उंदरांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग अधिक वेगाने वाढला, आणि त्यामागे ॲड्रेनलिनचा हात असल्याचे दिसले. दुसऱ्या, न्यूयॉर्कमधील प्रयोगात ग्रंथीकडे जाणारे मज्जातंतू निकामी केले तेव्हा उंदरांमधील गाठीची वाढ रोखली गेली. तेव्हा मन आणि हा रोग यांचा काहीच संबंध नाही, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

आशेने ओलांडलेली सीमा

येथवर सारे समाचाराला येणाऱ्या पाहुण्यांच्या बाजूचे झाले. परंतु मारक पेशींची चपळाई परीक्षानळीत वाढणे ही एक गोष्ट आणि रुग्णाचे आयुष्य वाढणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरीवर उडी मारण्याचा मोह अनेकांना पडला, आणि त्या उडीचा इतिहास फारसा आश्वासक नाही.

१९८९ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगेल यांनी स्तनांचा कर्करोग पसरलेल्या ८६ स्त्रियांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया दर आठवड्याला एकत्र बसून आपली दुःखे बोलत, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्षे अधिक जगल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर आशेची लाट उसळली. परंतु २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे झाला, तेव्हा त्यांचे दुःख हलके झाले, वेदनांची तीव्रता कमी झाली. आयुष्य मात्र वाढले नाही. २००७ साली स्वतः स्पीगेल यांनी केलेल्या फेरप्रयोगातही एकूण रुग्णांच्या बाबतीत आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. त्याच वर्षी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. मनाने प्रसन्न असलेले रुग्ण अधिक जगले आणि खचलेले लवकर गेले, असे तीत मुळीच आढळले नाही. विशिष्ट स्वभावाच्या माणसांनाच कर्करोग होतो, असे सांगणारे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांचे लेखन एकेकाळी गाजले होते. २०१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीत त्या विषयावरील त्यांचे अनेक शोधनिबंध विश्वासार्ह नसल्याचा निर्वाळा देण्यात आला.

प्रोस्टेटच्या कर्करोगाबाबत आणखी एक अडचण आहे. इतर काही कर्करोगांत प्रतिकारशक्तीला मोकळे सोडणारी नवी औषधे चमत्कार वाटावा असे काम करतात. या रोगात बहुतेक रुग्णांना त्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण या गाठींत लढणाऱ्या पेशी फारशा शिरतच नाहीत. २०१० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका उपचारात रुग्णाच्या रक्तातील पेशी बाहेर काढून, त्यांना रोग ओळखायला शिकवून पुन्हा शरीरात सोडल्या जातात. इतक्या खटाटोपाने मिळणारा सरासरी लाभ सुमारे चार महिन्यांचा. जेथे प्रतिकारशक्तीवर थेट हात चालवूनही पदरात एवढेच पडते, तेथे दीर्घ श्वसनाने किंवा निर्धाराने गाठ विरघळेल असे रुग्णाला सुचवणे, हे त्याला फसवण्यासारखेच आहे.

या फसवणुकीची किंमत रुग्ण मोजतो. खंबीर राहिल्याने रोग हटतो, हे एकदा मान्य केले की रोग बळावला याचा दोष ओघानेच त्याच्या मनोबलाकडे जातो. शरीराने हरत असलेल्या माणसाला मनाच्या परीक्षेतही नापास ठरवण्याचा हा प्रकार होय.

पहिला आठवडा

मग मनाकडे दुर्लक्ष करावे काय? मुळीच नाही, आणि त्याचे कारण प्रतिकारशक्तीच्या सूक्ष्म पेशींत शोधण्याची गरजच नाही. स्वीडनमध्ये १९९१ ते २००६ या काळातील साठ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक निष्कर्ष मांडण्यात आला. कर्करोगाचे निदान कळल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका, कर्करोग नसलेल्यांच्या तुलनेत, १२.६ पट आढळला; हृदयविकाराने व तत्सम कारणांनी होणाऱ्या मृत्यूचा धोका ५.६ पट होता. पहिल्या वर्षाचा विचार केला तरी आत्महत्येचा धोका तिपटीहून थोडा अधिकच होता. त्या पहिल्या आठवड्यात गाठीने असे काय केलेले असते? ती कालही तेवढीच होती. बदललेले असते ते एवढेच की, माणसाला बातमी समजलेली असते. बातमी कळलेला माणूस त्या दिवसांत किती एकटा असतो, हे या आकड्यांवरून दिसते.

दुसरी गोष्ट संप्रेरकांच्या उपचाराची. अमेरिकेत प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या ६५ वर्षांवरील ७८,५५२ पुरुषांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. हा उपचार घेणाऱ्यांत शेकडा ७.१, तर न घेणाऱ्यांत शेकडा ५.२ जणांना नैराश्याने गाठले होते. फरक अवाढव्य नाही, पण त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. इंजेक्शन सुरू झाल्यावर जो मनुष्य उगाच डोळ्यांत पाणी आणतो, ज्याला अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, ज्याला वर्तमानपत्र उघडावेसे वाटत नाही, तो कच्च्या दिलाचा असतो असे नव्हे. त्याच्या रक्तातून एक द्रव्य काढून घेतलेले आहे. 'पूर्वी किती खंबीर होते' असे म्हणण्याऐवजी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालणे हेच घरच्यांचे काम. नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते ज्वरावरील उपचारांइतकेच वैद्यकीय आहेत.

धीर कोणाच्या खात्यावर?

अर्थशास्त्रात साधन आणि साध्य यांची गल्लत करणे हा मोठा प्रमाद समजला जातो. मनःस्वास्थ्याच्या बाबतीत ती गल्लत सर्रास होते. मन शांत ठेवायचे कशासाठी? तर मारक पेशी वाढाव्यात म्हणून. एकदा हा हिशेब पत्करला, आणि उद्या त्या पेशींनी आयुष्य वाढत नाही असे ठरले, की रुग्णाची विचारपूस करण्याचे प्रयोजनच संपते. परंतु रुग्णालय वेदनाशामक औषध देते ते आयुष्य वाढवण्यासाठी देत नाही. वेदना ही स्वतःच वाईट म्हणून देते. भीती, लाज आणि एकाकीपणा यांनाही तोच न्याय लागू व्हायला हवा. कॅनडातील स्त्रिया अधिक काळ जगल्या नाहीत, पण कमी यातनांनी जगल्या. हा लाभ दुय्यम ठरवण्याचा अधिकार कोणत्या जमाखर्चाला आहे?

शिवाय खर्चही तो केवढा! ह्यूस्टनच्या प्रयोगातील मुख्य गुंतवणूक म्हणजे तास-दीड तासाच्या दोन बैठका आणि शस्त्रक्रियेच्या सुमारास थोडी उजळणी. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांच्या बिलापुढे ही रक्कम नगण्य ठरावी. तरीही ती खर्ची पडत नाही, कारण खाटेला, औषधाला आणि यंत्राला दरपत्रकात जागा असते. संभाषणाला बहुधा नसते. ज्याला दर नाही त्याची तरतूद होत नाही, आणि ज्याची तरतूद नाही ते काम उरलेल्या वेळेत, दयाबुद्धीने होते. बाह्यरुग्ण विभागात रांग संपण्याची वाट पाहणाऱ्या डॉक्टरांकडे असा उरलेला वेळ नसतो, हा त्यांचा दोष नव्हे.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. 'त्यांना काही सांगू नका, हाय खातील,' अशी विनंती घरची माणसे डॉक्टरांना बाजूला घेऊन करतात. वडिलांना कळू नये म्हणून मुले बोलत नाहीत आणि मुलांना कळू नये म्हणून वडील बोलत नाहीत. एकाच घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोणीच उच्चारत नाही. मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात. त्यांतील काहींचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत असतो. तेथे शेजारच्या खाटेवर तेच दुखणे असते, तीच औषधे असतात. घरात जे बोलता येत नाही ते अशा ठिकाणी परक्या माणसापाशी सहज बोलता येते. पाश्चात्त्य देशांत ज्याला रुग्णगट म्हणतात त्याचे बीज आपल्याकडे आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एकदा एक खोली आणि एक जाणता समुपदेशक मिळाला तर त्याचे रोप होऊ शकेल. निदान सांगितल्यानंतरच्या आठवड्यात रुग्णाला एक दूरध्वनी करणे, संप्रेरकांचे इंजेक्शन देताना झोप आणि मन यांविषयी दोन प्रश्न विचारणे, यासाठी नवी इमारत लागत नाही. मध्यरात्री ज्याला कोणीच सापडत नाही, त्याच्यासाठी केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक निदानाच्या कागदावरच छापलेला असायला काय हरकत आहे?

राहिला प्रश्न समाचाराला जाणाऱ्यांचा. त्यांनी जाणे बंद करू नये. फक्त जाताना ते जुने वाक्य घरी ठेवावे. मन घट्ट ठेवण्याची अट घालण्यापेक्षा, "अण्णा, भीती वाटणारच. तपासणीच्या दिवशी बरोबर येतो," एवढे म्हणावे आणि त्या दिवशी खरोखरच जावे. त्याने मारक पेशींची संख्या वाढो वा न वाढो; त्या रात्री दोन वाजता जाग आलेल्या माणसाला आपल्या भीतीबद्दल कोणाचा जाब द्यावा लागणार नाही.